कानिगूच्या पायथ्याशी

भोपळ्याचे पुढे काय काय होऊ शकते, हे मिरजेच्या आसपास राहणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. मिरज तिथून जेमतेम दहा किलोमीटर. सतारमेकरांच्या दुकानांत टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले ते वाळके, भलेमोठे भोपळे लहानपणापासून पाहत आले आहे. भाजीचा भोपळा निराळा आणि तंबोऱ्याचा निराळा, हा भेद आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. तेव्हा भोपळ्याने मला चकित करावे असे फारसे काही उरले नव्हते. पण गेल्या मे महिन्यात, स्पेनमधल्या कातालोनिया प्रांतात, एल व्हेंद्रेल नावाच्या गावी काचेआड ठेवलेला एक भोपळा पाहिला आणि मी थबकलेच. त्याला एक दांडी, दांडीवर एकच तार. एका बापाने आपल्या पोराचा हट्ट पुरवण्यासाठी घरच्या घरी केलेले ते खेळण्यातले वाद्य. तो पोरगा पुढे विसाव्या शतकातला सर्वांत मोठा चेलोवादक झाला. पाउ कासाल्स हे त्याचे नाव.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. व्हायोलिन खांद्यावर बसते, हा मात्र जमिनीवर टेकून, वादकाच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये उभा राहतो. त्याचा आवाज घरातल्या कर्त्या पुरुषासारखा, खालच्या पट्टीतला आणि भारदस्त. एम. ए.ला असताना एका मैत्रिणीने मला बाखच्या चेलोसाठी लिहिलेल्या सुईटची सीडी दिली होती. साथीला कुणी नाही, तबला नाही, पेटी नाही. एकटे वाद्य आणि एकटा माणूस. पाश्चात्त्य संगीतातले मला तेव्हा काही कळत नव्हते, आजही फार कळते असे नाही. पण एकटा गवई तंबोऱ्याशिवाय गुणगुणत बसावा तसे काहीतरी त्यात होते, आणि ते मनातून गेले नाही. सीडीच्या पाठीवर वादकाचे नाव होते.

माझी भाची बार्सिलोनात एका कंपनीत संगणकाचे काम करते. “मावशी, तू एकदा ये तर खरी,” असा तिचा दोन वर्षे धोशा चालला होता. गेले एकदाची. पहिल्याच दिवशी तिने मला गाउदीचे ते गगनचुंबी देऊळ दाखवायची सिद्धता केली होती. मी म्हटले, देऊळ कुठे पळून जात नाही, आधी मला एल व्हेंद्रेलला ने. तिने कपाळाला हात लावला, पण नेले. बार्सिलोनाहून लोकल गाडीने तासाभराचा रस्ता. डाव्या हाताला भूमध्य समुद्र, उजव्या हाताला द्राक्षांचे मळे. आपल्याकडे तासगावची बाग मांडवावर चढलेली असते, इथल्या वेली मात्र गुडघ्याएवढ्या, जमिनीला धरून बसलेल्या.

गाव लहानसेच. मधोमध चर्च. २९ डिसेंबर १८७६ रोजी पाउचा जन्म या चर्चपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात झाला. त्याचे वडील कार्लेस हे चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत, गायकवृंदाला शिकवीत. आई पिलार दूरच्या प्वेर्तो रिको बेटावर, मायाग्वेस गावी जन्मलेली. एकदा गावात विदूषकाचे कपडे घातलेल्या फिरस्त्या वादकांचे त्रिकूट आले. ‘लोस त्रेस बेमोलेस’ असे स्वतःला म्हणवीत. म्हणजे शब्दशः ‘तीन कोमल स्वर’! त्यांतला एकजण केरसुणीच्या दांड्यावर तार ताणून वाजवीत होता. पोरगा वेडा झाला. मग वडिलांनी भोपळा पोखरला आणि त्याला ते एकतारी वाद्य करून दिले. जवळच्या सांतेस क्रेउसच्या ओसाड मठात त्याने ते एका रात्री वाजवले होते, असे तो म्हातारपणीही सांगत असे. खरा चेलो त्याने ऐकला तो १८८८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, बार्सिलोनाहून आलेल्या जोसेप गार्सिया यांच्या हातून.

वडिलांचे म्हणणे, पोराने सुतारकाम शिकावे. संगीतावर पोट भरत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? आईने ऐकले नाही. त्याच वर्षी तिने मुलाला हाताशी धरून बार्सिलोना गाठले आणि गार्सिया यांच्या हाताखाली नगरपालिकेच्या संगीतशाळेत घातले. असल्या आया सगळ्या देशांत असतात. चरित्रकार त्यांना दोन ओळी देऊन पुढे जातात. मीही तेच करते आहे, पण निदान खंत नोंदवून.

इथे नावाबद्दल थोडे. जगाच्या कागदोपत्री हा माणूस ‘पाब्लो’ म्हणून ओळखला जातो. पाब्लो हे स्पॅनिश. त्याच्या घरची भाषा कातालान, आणि कातालानमध्ये त्याचे नाव ‘पाउ’. त्या भाषेत ‘पाउ’ या शब्दाचा आणखी एक अर्थ होतो: शांतता. कातालान ही स्पॅनिशची बोली नव्हे. ती स्वतंत्र भाषा आहे, तिला आठ-नऊशे वर्षांचे लिखित वाङ्मय आहे. यादवी युद्ध जिंकून १९३९ साली फ्रँको सत्तेवर आला तेव्हा शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रे यांतून ती हुसकून लावली गेली. मुलांची नावे ठेवायची तीही स्पॅनिशमध्ये. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचताना काय वाटले असेल, ते सांगत बसत नाही. एल व्हेंद्रेलच्या दुकानांवरच्या पाट्या आज कातालानमध्ये आहेत, आणि दुकानदारीण पोराला रागावते तेही कातालानमध्येच.

बार्सिलोनाला परतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही बंदरामागच्या ‘कारेर आम्प्ले’ या गल्लीत गेलो. नावाचा अर्थ रुंद रस्ता. प्रत्यक्षात आपल्या बोळाहून थोडा बरा. १८९० साली तेरा वर्षांचा पाउ आणि त्याचे वडील या रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात चेलोची स्वरलिपी धुंडाळत होते. पोरगा तेव्हा संध्याकाळी कॅफेत वाजवी आणि तिथे वाजवायला नवे काही हवे होते. त्या ढिगाऱ्यात त्यांना बाखच्या सहा सुईट मिळाल्या, ग्रुट्झमाखर यांनी संपादिलेल्या. बाखने त्या १७२० च्या सुमारास लिहिल्या. प्रत्येकीत आधी आलापासारखा एक प्रस्ताव आणि मग नृत्यांच्या चाली एकामागून एक. जग त्या विसरले होते असे नाही. पण त्या हात बसवायच्या पलट्यांसारख्या समजल्या जात. मैफलीत कुणी वाजवलाच तर एखादा तुकडा. पोराने ते बाड छातीशी धरून घरी नेले आणि पुढली बारा वर्षे रोज त्यावर मेहनत केली. मगच एक सुईट सबंध, लोकांसमोर वाजवण्याचा धीर त्याला झाला. बारा वर्षे! एका तपाचा हिशेब आपल्या गवयांच्या तोंडी असतो, तोच हा.

त्या दुकानाचा माग आम्हाला लागला नाही. भाचीने कॉफी मागवली आणि विचारले, “पण मावशी, यात साहस ते काय? जुनी पुस्तकं सापडली, त्याने वाजवली.”

साहस कोपरात होते. त्या काळी चेलो शिकणाऱ्या मुलाच्या उजव्या काखेत पुस्तक धरायला लावीत. गज ओढताना पुस्तक पडता कामा नये, म्हणजे कोपर अंगाला चिकटलेले राहणार. या बारा वर्षांच्या पोराने पुस्तक काढून टाकले आणि हात मोकळा केला. डावा हात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत जाई आणि प्रत्येक घसरणीबरोबर सूरही ओघळे. त्याने बोटे लांबवून, फाकवून ती घसरगुंडी थांबवली. शिक्षकांनी आधी हटकले, मग मान्य केले. आज जगभर चेलो ज्या रीतीने शिकवतात, तिच्यात या पोराच्या हट्टाचा मोठा वाटा आहे.

दुसरे साहस कानाचे. पियानोच्या पट्ट्या ठरलेल्या. त्यांचे स्वर सगळ्या पट्ट्यांत चालावेत म्हणून किंचित खोटे करून बसवलेले असतात. चेलोला पडदे नाहीत, तिथे बोट हवे तिथे ठेवता येते. कासाल्स शिष्यांना सांगत, पियानोच्या मागे जाऊ नका. वरच्या षड्जाकडे निघालेला निषाद षड्जाच्या अंगाने ओढला जातो, त्याला तसा जाऊ द्या. सूर बरोबर लागणे ही त्यांच्या लेखी सदसद्विवेकाची बाब होती. हे वाचले तेव्हा मला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवले. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा समोर ठेवून देवल बावीस श्रुती मोजत बसले होते. त्यांचे पुस्तक १९१० सालचे. पुढे क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची खास पेटीही करवून घेतली गेली. नेमक्या त्याच सुमारास कासाल्स युरोपभर आपला निषाद चढवून वाजवीत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नाही. पण पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत सूर मावत नाही, ही तक्रार मिरजेत आणि बार्सिलोनात एकाच वेळी चालू होती, याची मला मोठी मौज वाटते.

पुढल्या कीर्तीचा भाग कोणत्याही कोशात सापडेल, म्हणून झरझर सांगते. १८९९ साली व्हिक्टोरिया राणीसमोर वादन, त्याच वर्षी पॅरिसमध्ये गाजलेला कार्यक्रम. १९०१ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोजवळ तामाल्पाइस डोंगरावर भटकताना वरून धोंडा गडगडला आणि डाव्या हाताची बोटे चेचली. आणि त्या क्षणी या माणसाला काय वाटावे? सुटलो एकदाचा, आता चेलो वाजवायला नको! असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्यांना वृंदाचे संचालन करायचे होते. चेलोची गुलामी नको झाली होती. बोटे बरी झाली, गुलामी चालू राहिली. १९२० साली बार्सिलोनात त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला, त्याची तूट वर्षानुवर्षे स्वतःच्या कमाईतून भरली, आणि कामगारांची एक संगीतसंस्था काढून गिरण्या-कारखान्यांतल्या माणसांना नाममात्र वर्गणीत बीथोव्हन ऐकवला.

हा वृंद जिथे वाजे ते ‘पालाउ दे ला मुसिका’ १९०८ साली उभे राहिले. रंगीत काचांचे छत, खांबाखांबावर मातीची फुले. आमच्या भाचीला ते लग्नाच्या मांडवासारखे वाटले, आणि तिचे अगदीच चुकले असे मला म्हणवत नाही. १८ जुलै १९३६ च्या संध्याकाळी इथे बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालली होती. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. शेवटचा भाग, जिथे गायकवृंद उभा राहून बंधुभावाचे गीत गातो, तो सुरू व्हायचा होता. तेवढ्यात निरोप आला: लष्कराने बंड केले आहे, इमारत ताबडतोब सोडा. कासाल्स यांनी वादकांना विचारले, आता पुन्हा कधी भेटू ठाऊक नाही, शेवट वाजवून जाऊ या का? सगळ्यांनी होकार दिला. त्यांनी शेवट वाजवला आणि ते पांगले. 

बाखच्या सहाही सुईट त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या त्या याच काळात, १९३६ ते १९३९ मध्ये, लंडनला आणि पॅरिसला. मागे घर जळत होते. हे कळल्यापासून मला ती सीडी पूर्वीसारखी ऐकता येत नाही.

बार्सिलोनाहून फ्रान्समधल्या पेर्पिन्याँला जाणारी वेगवान गाडी पिरेनीज पर्वताखालून जाते. आठ किलोमीटरचा बोगदा. डोळे मिटून उघडेपर्यंत देश बदललेला असतो. १९३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, बार्सिलोना पडल्यावर, याच डोंगरवाटांनी सुमारे पाच लाख माणसे थंडीतून पायी फ्रान्समध्ये आली. फ्रान्सने त्यांना समुद्राकाठच्या वाळूत, काटेरी तारांच्या आत ठेवले. आर्जेलेस हे त्यांतल्या एका छावणीचे नाव. आम्ही गार हवेच्या डब्यात बसून संत्री सोलत हे अंतर ओलांडले.

पेर्पिन्याँहून तेत नदीच्या खोऱ्यातून वर चढत गेले की प्राद लागते. कातालानमध्ये प्रादा. राजकीय नकाशावर हा फ्रान्स, पण माणसे आणि भाषा मुळात कातालोनियाचीच. फळबागा, दगडी घरे आणि या सगळ्यावर ओणवलेला कानिगू. २,७८४ मीटर उंच. मे महिना अर्धा सरला होता तरी त्याच्या माथ्यावर बर्फ होता. कातालान लोक या डोंगराला आपल्या सह्याद्रीसारखा मानतात. त्याच्या एका अंगाला प्राद, आणि पलीकडे डोंगरांमागे त्यांचा मुलूख.

१९३९ साली बासष्ट वर्षांचे कासाल्स इथे येऊन राहिले. आधी हॉटेलात, मग ‘व्हिला कोलेत’ नावाच्या घरात. दिवसभर पत्रे लिहायची: इंग्लंडला, अमेरिकेला, ओळखीच्या प्रत्येक माणसाला. छावणीत घोंगड्या हव्यात, पीठ हवे, औषधे हवीत. सामान गाडीत भरून स्वतः छावण्यांत जायचे. जर्मनांनी दक्षिण फ्रान्स व्यापल्यावर एकदा त्यांचे अधिकारी घरी आले. बर्लिनला चला, म्हणाले, हवा तसा मान मिळेल. यांनी नकार दिला. मग निदान आमच्यासाठी काही वाजवा. यांनी खांद्याच्या संधिवाताची सबब सांगितली. तेव्हा त्यांच्यातलाच एकजण पियानोवर बसला आणि त्याने बाख वाजवला! ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. बाखला कोण वाजवील यावर बाखची सत्ता नसते.

१९४५ साली युद्ध संपले. कासाल्स लंडनला गेले, हजारो लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्यांची समजूत अशी की हिटलर गेला, मुसोलिनी गेला, आता फ्रँकोही जाणार. काही महिन्यांत उमगले की तसले काही होणार नाही. मोठी राष्ट्रे त्याला नांदू देणार. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी देऊ केलेल्या सन्माननीय पदव्या त्यांनी नाकारल्या आणि प्रादला परतून जाहीर केले की जोवर हे असे चालेल, तोवर आपण लोकांसमोर वाजवणार नाही.

चर्चसमोरच्या चौकात बाजार भरला होता. चेरीच्या टोपल्या, चीज, लसणाच्या माळा. एका बाकावर बसून आम्ही पाव खात होतो, तेव्हा भाची म्हणाली, “मला एक सांग. त्याने वाजवायचं थांबवल्यामुळे फ्रँकोचं काय बिघडलं? तो तर १९७५ पर्यंत खुशाल राहिला. बिघडलं ते ऐकणाऱ्यांचं.”

प्रश्न खोटा नाही. फ्रँको १९७५ साली अंथरुणावर मेला, कासाल्स त्याच्या दोन वर्षे आधी. कवी लिहिणे थांबवतो तेव्हा वही तशीच राहते, पुढे कधीही उघडता येते. वादकाची वही म्हणजे त्याची बोटे, आणि अडुसष्टाव्या वर्षी बोटांना उधारीवर वर्षे मिळत नाहीत. कासाल्स यांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. म्हणून त्यांच्या मौनाचे मोल मी फ्रँकोच्या तक्त्याला किती धक्का बसला यावरून करू शकत नाही. देशोदेशी भोजने, हारतुरे आणि टाळ्या घेत फिरणे आणि त्याच देशांच्या सरकारांनी आपल्या छळणाऱ्याशी हातमिळवणी केलेली पाहणे, या दोन गोष्टी एका देहात नांदेनात, एवढेच. भाचीला हे पुरते पटले नाही. “पण मग तो पाच वर्षं करत काय होता?” तिने विचारले.

शिकवत होता. जगाला ते लोकांसमोर वाजवेनासे झाल्याचे दिसले, पण त्यांच्या घरचा चेलो बंद नव्हता. रोज सकाळी पियानोवर बाखचे दोन प्रस्ताव आणि फ्यूग, मग चेलो, मग शिष्य. १९४६ साली बर्नार्ड ग्रीनहाउस नावाचा एक तरुण अमेरिकन वादक त्यांच्याकडे आला. शिकवीन, पण स्पॅनिश निर्वासितांसाठी देणगी द्यावी लागेल, अशी अट पडली. बाखची दुसरी सुईट काढली. कासाल्स एक ओळ वाजवीत, ग्रीनहाउसने ती तशीच्या तशी वाजवायची: तेच बोट, तोच गज, तीच हलकी दाब. काही आठवडे हेच. शेवटी ग्रीनहाउसला वाटले, आपण कासाल्स यांची एक नक्कल तेवढे होऊन बसलो. ज्या दिवशी सगळे हुबेहूब बसले, त्या दिवशी गुरुजींनी त्याला चेलो खाली ठेवून नुसते ऐकायला सांगितले आणि तीच सुईट स्वतः वाजवली. सगळी बोटे निराळी, सगळे गज निराळे, वळणे निराळी, आणि तरीही तीच सुईट, तितकीच सुंदर. मग म्हणाले, आता तुला बाखमध्ये स्वतःचे कसे सुचवायचे ते कळले. इथून पुढे असाच अभ्यास कर.

मी ही गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा ती प्रथमच गप्प बसली. लहानपणी ती माझ्याबरोबर मिरजेला गाण्याच्या बाईंकडे येई. बाई यमनातली एकच बंदिश सहा-सहा महिने घोटून घेत. एक हरकत जरी आपल्या मनाची घातली तरी मांडीवर चापटी बसे. आणि मग एके दिवशी अचानक म्हणत, “आता तू म्हण.” भाचीने गाणे सोडले ते त्या दिवसाच्या आधीच. तिने चेरीची बी थुंकली आणि म्हणाली, “आमच्या बाईंना हा माणूस आवडला असता.”

प्रादचे सें पिएरचे चर्च आतून अंधारे. डोळे सरावले की समोरची सगळी भिंत सोन्याने मढलेली दिसू लागते. जोसेप सुन्येर या शिल्पकाराचा तो लाकडी पडदा फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्यांपैकी गणला जातो. संत, देवदूत, पाने, फळे यांची नुसती दाटी. १९५० साली बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली. अलेक्झांडर श्नायडर हा व्हायोलिनवादक कासाल्स यांच्याकडे आला आणि त्याने तोड काढली: तुम्ही जगाकडे जाणार नसाल तर जग तुमच्याकडे आणतो. आयझॅक स्टर्न, सर्किन, सिगेटी, क्लारा हास्किल असे एकेक मातब्बर कलावंत या आडगावात येऊन दाखल झाले. २ जून १९५० रोजी याच सोनेरी भिंतीपुढे कासाल्स एकटे बसले आणि त्यांनी पहिली सुईट वाजवली. देवळात टाळ्या वाजवायच्या नाहीत असा नियम होता. त्या शांततेत पहिला सूर कसा लागला असेल, याचा विचार करत मी एका बाकावर बराच वेळ बसून राहिले. कुणी बाई मेणबत्ती लावून गेली. दर उन्हाळ्यात तो महोत्सव अजून भरतो.

प्रादहून तीन किलोमीटरवर सें मिशेल द क्युक्साचा मठ आहे. पुढल्या काळात महोत्सवाच्या मैफली तिथेही होऊ लागल्या. आम्ही चालत गेलो. दोन्ही बाजूंना पीचच्या बागा, समोर कानिगू. मठाच्या चौकाभोवती गुलाबी संगमरवरी कमानींची ओवरी आहे. पण ती अर्धीच. बाकीचे खांब आणि त्यांवरचे सिंह-वानर विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज ग्रे बार्नार्ड नावाच्या अमेरिकन शिल्पकाराने विकत घेऊन नेले. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात ते आहेत, काही तिकडे नव्याने घडवलेल्या दगडांच्या जोडीने उभे. इथे उरलेल्या कमानींमधून वारा येत होता. हद्दपार झालेले दगड आणि हद्दपार झालेला माणूस एकाच आवारात. आणि दोघांनाही पुढे अमेरिकेने जागा दिली, हा योगायोग मजेशीर की दुखरा, मला ठरवता आले नाही.

कारण कासाल्स पुढे प्रादला राहिले नाहीत. १९५५ च्या अखेरीस आईचे बेट पाहायला ते प्वेर्तो रिकोला गेले आणि मग तिथेच स्थायिक झाले. १९५८ साली संयुक्त राष्ट्रसंघात वाजवले. ते एकवेळ ठीक, तो काही एक देश नव्हे. पण १३ नोव्हेंबर १९६१ रोजी त्यांनी व्हाइट हाउसमध्ये केनेडींसमोर वाजवले, आणि अमेरिकेने तर १९५३ मध्येच फ्रँकोशी करार करून स्पेनमध्ये लष्करी तळ घेतले होते. केनेडी काही करतील अशी त्यांना आशा होती, असे सांगतात. मला ती मैफल अजून पटत नाही. ज्या अटीपायी पाच वर्षे आपल्या बोटांवर कुलूप घातले, ती अट एका हसऱ्या तरुण अध्यक्षापुढे सैल व्हावी? पण असेही वाटते की चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याकडून एकसूत्रीपणाची वसुली करायला मी कोण? मुद्रणाच्या रूपाने ती मैफल आज मिळते. मी ती घेतली आहे आणि ऐकतेही, आवडतेसुद्धा. हा माझा एकसूत्रीपणा.

प्रत्येक मैफलीच्या शेवटी ते ‘पक्ष्यांचे गाणे’ ही कातालान लोकधून वाजवीत. नाताळातली जुनी धून. त्यात पक्षी बाळ येशूचे स्वागत करतात. १९७१ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रसंघात ती वाजवण्यापूर्वी त्यांनी जमलेल्या राष्ट्रांना सांगितले की मी कातालान आहे, आणि आमच्याकडचे पक्षी आकाशात गेले की ‘पीस, पीस’ असे गातात. २२ ऑक्टोबर १९७३ रोजी सान हुआनमध्ये ते गेले. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी त्यांचे अवशेष एल व्हेंद्रेलला आणले गेले. ती कबर आम्ही पहिल्याच दिवशी पाहिली होती. गावच्या स्मशानात, गावच्या लोकांमध्ये, भोपळ्यापासून फार दूर नाही.

मठातून प्रादला परतताना उन्हे कलली होती आणि कानिगूचा बर्फ गुलाबी झाला होता. स्टेशनात आम्ही दोघीच. भाचीने फोन काढला, कानात घालायची ती बोंडे काढली, एक मला दिले आणि एक स्वतःला. तिने पहिल्या सुईटचा प्रस्ताव शोधून काढला होता. जुन्या तबकडीची खरखर, आणि तिच्यातून तो चेलो.

“हे वाजवलं तेव्हा तो किती वर्षांचा होता गं?”

“एकसष्ट. पॅरिसला, १९३८ साली.”

“आणि दुकानात सापडलं तेव्हा तेरा.”

गाडीला अजून पंचवीस मिनिटे होती. तिने तो प्रस्ताव पुन्हा पहिल्यापासून लावला.